पावतीबाईंचे तेवीस टॅग

"जा गं तू. गाडी चुकेल. पोर माझ्याजवळ आहे, रस्त्यावर नाही."

हा आवाज पावतीबाईंनी ऐकला त्याला सव्वीस वर्षं झाली. बाळंतपणाची रजा संपली होती, कामावर जायचा पहिला दिवस होता, आणि पहिल्या मजल्याच्या दारात थोरल्या जाऊबाई चार महिन्यांची पोर कडेवर घेऊन उभ्या होत्या. आवाजाला माया वगैरे काही लावलेली नव्हती. कपडे वाळत घालता घालता कुणाला पत्ता सांगावा तसा कोरडा आवाज. पण तो पाठीवर हात ठेवल्यासारखा मागून आला, आणि त्याच्या जोरावर पावतीबाई जिना उतरल्या. मग रोजच उतरत राहिल्या. उन्हाळ्यात उतरल्या, पावसात उतरल्या, पोरीला ताप असताना उतरल्या, आणि संध्याकाळी परत आल्या तेव्हा पोर न्हालेली, जेवलेली, वेणीसुद्धा घातलेली असायची. वेणीपुरते केस नव्हते तेव्हाही.

पावतीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते डेपोनं दिलं. बसडेपोच्या मागच्या अंगाला हरवले-सापडले खातं होतं, एक खिडकी, दोन कपाटं आणि एक बाई, आणि त्या बाईंनी एकतीस वर्षांत एकही वस्तू पावतीशिवाय हातची सोडली नाही. एकदा खुद्द डेपो मॅनेजर आपली छत्री न्यायला आले. "ओळख पटवा," बाई म्हणाल्या. "काळी आहे," साहेब म्हणाले. "काळ्या छत्र्या माझ्याकडे चौदा आहेत, साहेब." साहेब त्या दिवशी भिजत घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी दांड्यावरची चीर आठवून आले. बाईंनी छत्री दिली, सही घेतली, आणि वर "काळजी घेत जा" असंही म्हणाल्या.

निवृत्त झाल्यावर पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात घरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लागल्या. तिसऱ्या महिन्यात मास्तरांच्या, म्हणजे यजमानांच्या, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला सापडला. "चष्मा. वाचनाचा. स्नानगृहात सापडला. वेळ सकाळी ८.१०." मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, स्वभावानं मऊ पेन्सिलीसारखे. त्यांनी परगावच्या लेकीला फोन लावला. "तुझ्या आईला काहीतरी उघडून दे बाई. नाहीतर आता माझी पाळी आहे."

लेकीनं काय उघडून दिलं, तर फोनवर चारचौघांनी वाचाव्यात अशा छोट्या नोंदी लिहायचं एक खातं. एका नोंदीत अक्षरं तीनशे, त्यापुढे एक काना जास्त नाही.

मास्तरांना वाटलं, बाईंचा वेळ जाईल. बाईंच्या मनात मात्र वेगळंच होतं, आणि ते त्यांनी मास्तरांनाही सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात थोरल्या जाऊबाईंनी जिन्यात उभ्या उभ्या जाहीर केलं होतं, की मुलगा बोलावतोय, त्याच्या गावी कायमची जाते, दीड महिन्यानं, रविवारी सकाळी गाडी येईल. हे ऐकून पावतीबाई "बरं" म्हणाल्या आणि वर येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्या एकतीस वर्षांत सही न झालेली एकच नोंद होती, आणि ती नोंद आता दीड महिन्यानं गाडीत बसून जाणार होती. थोरल्या जाऊबाईंचे आभार मानायचे राहिले होते.

आता कुणी म्हणेल, यात काय अवघड? एक मजला उतरायचं, आभार मानते म्हणायचं, आणि चढून यायचं. पण असं म्हणणाऱ्याला थोरल्या बाई माहीत नाहीत. घरच्या माणसांनी आभार मानले की त्यांना ते परकं केल्यासारखं लागे. पोर सहा महिन्यांची असताना पावतीबाई एकदा चुकून "थँक्यू हं, वहिनी" म्हणाल्या होत्या, तर थोरल्या बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पोरीला सांभाळलं, बोलणं बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी काय तुझ्या खात्यात कामाला आहे?" तेव्हापासून तो शब्द पावतीबाईंच्या घशात जो अडकला तो अडकलाच.

म्हणून लिहायचं. तोंडानं नाही जमलं तर बोटानं. आणि थोरल्या बाईंकडे फोन होता. मुलानं चांगला मोठा पडद्याचा पाठवला होता. "मला कुठलं येतंय त्यातलं," असं त्या येताजाता म्हणत, आणि गल्लीत कोण कुठं फिरायला जाऊन आलं ते फोटोसकट सांगत.

खातं उघडायचा दिवस. लेक फोनच्या पडद्यात, पावतीबाई टेबलाशी, मास्तर मागं.

"आई, नाव काय घेऊ?"

"आहे तेच."

"ते दुसऱ्या कुणीतरी घेतलंय."

"कुणी? त्यांच्याकडे पुरावा काय?"

"आई, तिथं पुरावा लागत नाही. जो आधी येईल त्याचं."

पावतीबाईंनी मान हलवली. असा कारभार त्यांनी डेपोत एक दिवस चालू दिला नसता. शेवटी 'पावतीबाई' हे नाव रिकामं निघालं. जगात दुसरी कुणी नव्हती. मग आली 'स्वतःबद्दल थोडक्यात' अशी चौकट. पावतीबाईंनी नेमणुकीच्या तारखेपासून सुरुवात केली.

"आई, एकशे साठ अक्षरं फक्त."

"एकतीस वर्षं एकशे साठ अक्षरांत बसवू?"

"माझी असती तर उरली असती," मास्तर मागून म्हणाले.

बरीच खाडाखोड होऊन तिथं एवढंच राहिलं, "सापडलेल्या वस्तू सांभाळते." लेकीनं पडद्यात ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "हे छान आहे."

पहिली नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी पडली. "जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ऊन सापडलं. अंदाजे दीड पायरी. स्थिती उत्तम. मालकाने ओळख पटवून न्यावे." खाली पाच टॅग. पाच का, तर डेपोत प्रत्येक वस्तूला पाच चिठ्ठ्या असत. काय, कसलं, कुठं, केव्हा आणि कुणाचं असावं. पाचांतली एक चिठ्ठी कमी असली की वस्तू कपाटात जात नसे. अशी एक बरणी चार वर्षं टेबलावरच राहिली होती. तेव्हा #ऊन, #पिवळं, #दुसऱ्या वळणावर, #सकाळी साडेसात, #मालक माहीत नाही. आणि काय आश्चर्य, प्रत्येकातला पहिलाच शब्द निळा झाला, बाकीचे काळेच राहिले.

"आई, मधे जागा सोडलीस की टॅग तुटतो. शब्द जोडून लिही, नाहीतर मधे खालची रेघ दे. आणि पाच कशाला? दोन-तीन पुरे. पण दरवेळी तेच. आज 'ऊन' लिहिलंस, उद्या 'कोवळं ऊन', परवा 'सूर्यप्रकाश', तर तुझं तुलाच सापडायचं नाही."

हे शेवटचं मात्र पावतीबाईंच्या थेट काळजात घुसलं. हे तर त्या रजेवर असताना बदलीवर आलेल्या गृहस्थांनी केलं होतं! त्यांनी एक मफलर 'गळपट्टी' म्हणून नोंदवला, आणि तो तीन हिवाळे मालकाची वाट बघत कपाटात पडून होता. तिकडे मालक खोकत होता. पावतीबाईंनी त्याच दुपारी दोनशे पानी वही काढली. मास्तरांनी रेघा आखून दिल्या. डावीकडे टॅग, मधे त्याची व्याख्या, उजवीकडे नोंदींची संख्या. आठवड्याच्या अखेरीस वहीत टॅग चौसष्ट झाले आणि खात्यावर नोंदी अकरा. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, #थोरल्या_बाई. उजवीकडे शून्य.

ते शून्य रोज संध्याकाळी त्या बघत. रोज फोन हातात घेऊन लिहायला बसत. "सदर बाईंनी दीर्घकाळ केलेल्या सहकार्याबद्दल" इथपर्यंत जात, आणि पुसत. वस्तूंबद्दल त्यांना लिहिता येई, माणसांबद्दल लिहायला गेलं की कार्यालय आडवं येई.

इकडे उन्हाच्या नोंदीखाली चौथ्या दिवशी कुणीतरी अनोळखी बाईनं लिहिलं, "अरे, हे तर माझंच!"

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? एखादं हसरं तोंड पाठवून मोकळे झालो असतो. पण पावतीबाईंच्या जन्मात 'हे माझंच' या वाक्याला एकच उत्तर होतं, आणि ते त्यांच्या बोटांनी विचार न करता लिहिलं. "ओळख पटवावी. केव्हा हरवलं? कुठं? दीड पायरी होतं याला काही आधार?"

लेकीनं डोक्याला हात लावला. "आई, ती गमतीनं म्हणाली! लोक असं म्हणतात!"

"म्हणोत ना. पण मागणी नोंदवल्यावर चौकशी नको?"

उत्तर तासाभरानं आलं. "मी दवाखान्यात नर्स आहे. तीन वर्षं रात्रपाळी. सकाळी येते ती पडदे ओढून झोपते. नक्की कुठल्या दिवशी हरवलं ते सांगता येत नाही, पण आमच्या जिन्यातही दुसऱ्या वळणावरच यायचं."

पावतीबाईंनी ते दोनदा वाचलं. मास्तरांना वाचून दाखवलं. मास्तरांनी चष्मा पुसला, दोऱ्यासकट. मग बाईंनी लिहिलं, "ओळख पटली. पावती क्रमांक एक. ऊन दीड पायरी, आपल्या नावे जमा. रोज साडेसातला इथं येतं, आपल्या वतीने मी बघून ठेवीन."

आणि मग जी रांग लागली! पावतीबाईंना डेपोची खिडकी आठवली. अर्धवट राहिलेली डुलकी सापडली होती, तिला एकोणीस मालक निघाले. गल्लीतून ऐकू आलेली अर्ध्या गाण्याची शिट्टी एका ट्रकड्रायव्हरनं उरलेलं अर्धं गाणं लिहून सोडवून नेली. 'बाकावर सापडलेली शांतता, पंधरा मिनिटं' हिच्यासाठी तीन लेकुरवाळ्या बायांत जुंपली, तेव्हा पावतीबाईंनी पाच-पाच मिनिटं वाटून दिली आणि तिघींच्या वेगळ्या पावत्या केल्या. लोक लिहीत, "बाई, उपकार झाले." पावतीबाई वाचत आणि त्यांच्या मनात येई, बघा, दीड पायरी उन्हासाठी माणसं किती सहज आभार मानतात. आणि आपण?

तळमजल्यावर विमा एजंट राहत. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर सल्ला असे, आणि तो सकाळीच असे. "ताई, तुमचं चुकतंय कुठं सांगू? टॅग! जे गाजतंय ते लावा. क्रिकेट लावा, निवडणूक लावा. लाखांत माणसं येतील."

"उन्हाला क्रिकेटची चिठ्ठी? खोटी नोंद करू म्हणता?"

"खोटी कुठं? क्रिकेट उन्हातच खेळतात की!"

पावतीबाईंनी दार हळू लावलं, पण लावलं. एजंट दुखावले नाहीत. दारं लागायची त्यांना सवय होती. त्यांनी गल्लीभर सांगितलं, की वरच्या ताई हरवलेलं शोधून देतात. उन्हाचं सांगायचं विसरले. परिणाम असा झाला, की बुधवारी एक गृहस्थ सापडलेली एक चप्पल घेऊन दारात उभे. गुरुवारी कुबडी आली. शुक्रवारी एका बाईनं मांजर आणलं आणि पावती मागितली. मांजराला पाच चिठ्ठ्या बांधताना पावतीबाईंच्या हातावर सात ओरखडे उठले. तेही रंग आणि ठिकाण एवढंच झाल्यावर.

शनिवारी सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस घेऊन आले. "निवासी इमारतीत कार्यालय चालवण्यास मनाई आहे," ते वाचत म्हणाले, "सबब सात दिवसांत खुलासा करावा."

पावतीबाई ताठ झाल्या. एकतीस वर्षांत त्यांना कुणी खुलासा विचारला नव्हता. "जावक क्रमांक कुठाय?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"नोटिशीला जावक क्रमांक नाही, तारीख नाही, प्रत कुणाला ते नाही. ही नोटीस आहे हे मी कशावरून समजू? ओळख पटवा."

सेक्रेटरींनी कागद उलटा केला, सुलटा केला, आणि घडी घातली. जायला वळले, पण गेले नाहीत. आवाज उतरवून म्हणाले, "ताई, ते... एक तोंडानं वाजवायचा बाजा होता माझा. लहानपणचा. या घरात राहायला आलो तेव्हापासून दिसत नाही. तुमच्याकडे कुणी..." पावतीबाईंनी वही ओढली. "धातूचा की लाकडी?" त्या म्हणाल्या, आणि सेक्रेटरी खुर्चीत बसले. खुलाशाचा विषय पुन्हा निघाला नाही.

असे दिवस गेले. पहिल्या मजल्यावर खोकी भरली जाऊ लागली आणि वहीतलं शून्य तसंच राहिलं. शेवटच्या आठवड्यात एजंट सल्ला द्यायला आले असता वही टेबलावर उघडी होती.

"थोरल्या बाई, शून्य?" त्यांनी मोठ्यांदा वाचलं. "अहो ताई, असं कसं! त्या जाणार, आणि त्यांच्या नावावर शून्य? थांबा, मी सुरू करतो."

पावतीबाई "अहो, नको" म्हणेपर्यंत एजंटांनी जिन्यातच लिहून टाकलं. आपली आई आजारी असताना थोरल्या बाई रोज दुपारी येऊन तिच्याशी पत्ते खेळत आणि मुद्दाम हरत, असं. खाली पावतीबाईंचाच टॅग. तो निळा शब्द मग इमारतभर फिरला. शिंपीणबाईंनी लिहिलं, की त्या शिकाऊ होत्या तेव्हा सगळी बिघडलेली पोलकी थोरल्या बाईंनी "मला असंच आवडतं" म्हणून वापरली. सेक्रेटरींनी लिहिलं. इमारत सोडून गेलेल्यांनी कुठून कुठून लिहिलं. कुणाची किल्ली त्यांनी सांभाळली होती, कुणाचं गॅसवर उतू जाणारं दूध. एक भाडेकरू तर लिहून गेला, की परीक्षेत नापास झालो त्या दिवशी बाईंनी काही न विचारता मला दोन तास काडेपेटीच्या काड्या मोजायला बसवलं होतं; अजून कारण कळलेलं नाही, पण त्या दिवशी मी वाचलो.

पावतीबाई वाचत होत्या आणि डोळे पुसत होत्या. आणि जिन्यात त्यांना थोरल्या बाई भेटल्या.

"बेचाळीस झाले म्हणे," थोरल्या बाई म्हणाल्या.

"काय बेचाळीस, वहिनी?"

"मला काय ठाऊक, मला कुठलं येतंय त्यातलं. शिंपीणबाई सांगत होत्या. सगळ्यांनी लिहिलंय म्हणे." त्यांनी पदराला नसलेली सुरकुती काढली. "सगळ्यांनी." आणि आत गेल्या.

ते दुसरं 'सगळ्यांनी' पावतीबाईंच्या छातीत काट्यासारखं रुतलं. बेचाळीस नोंदींत त्यांची एक नव्हती. टॅग त्यांचा, वही त्यांची, दारातली पोर त्यांची, आणि परक्यांनी येऊन सह्या करून जावं, आणि घरच्या माणसानं हात बांधून बघत राहावं!

शनिवारी दुपारी त्या बसल्या. मास्तरांना फिरायला पाठवलं. कार्यालय बाजूला सारून लिहायला लागल्या, आणि एकदा लिहायला लागल्या तर तीनशे अक्षरं मीठ-मोहरीला पुरेनात. एकाच्या दोन नोंदी झाल्या, दोनाच्या पाच, पाचाच्या नऊ. आणि टॅग? वहिनी कुठल्या दारानं येतील काय सांगता येतं? #थोरल्या_बाई तर हवाच. पण #जाऊ हवा, #वहिनी हवा, #पहिला_मजला, #वेणी, #ताप, #संध्याकाळ. करता करता तेवीस झाले. लेकीनं दोन-तीन सांगितले होते, पण लेकीला सांभाळलं कुणी होतं? नऊच्या नऊ नोंदी, प्रत्येकीला तेवीस टॅग, पावतीबाईंनी एकामागून एक, शिक्के मारल्यासारख्या, दीड मिनिटात पाठवल्या.

पडदा पांढरा झाला. वर अक्षरं आली. "या खात्याचा व्यवहार स्वयंचलित यंत्रासारखा वाटतो. खातं तात्पुरतं बंद ठेवलं आहे. आपण माणूस असल्याचं सिद्ध करा."

पावतीबाई त्या वाक्याकडे बघत राहिल्या. जन्मभर त्यांनी लोकांना ओळख पटवायला लावली होती. चौदा छत्र्यांच्या जोरावर मॅनेजरला भिजवलं होतं. पण तू माणूस आहेस का, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

खाली नऊ चित्रं आली. "जिना असलेली चित्रं निवडा." पावतीबाईंनी चष्मा लावला. तीन चित्रांत जिना सरळसरळ दिसत होता. चौथ्यात कठड्याचं टोक दिसत होतं. कठडा हा जिन्याचा भाग की स्वतंत्र वस्तू? डेपोत असा प्रश्न आला असता तर वरच्या कार्यालयाला पत्र गेलं असतं. शिवाय सहाव्या चित्रातल्या दाराच्या काचेत पायरीचं प्रतिबिंब होतं. प्रामाणिक माणसानं ते सोडावं कसं? त्यांनी पाच निवडली. "चूक." पुन्हा नऊ. पुन्हा "चूक." तिसऱ्यांदा पडद्यानं एक अर्ज दिला, आणि खाली लिहिलं, की कामकाजाच्या सात दिवसांत कळवण्यात येईल. नऊ नोंदी कुणालाही दिसणार नव्हत्या.

मास्तर परतले तेव्हा बाई पदर तोंडाला लावून बसलेल्या.

"काय झालं?"

"मी यंत्र आहे म्हणतात."

मास्तरांनी पेल्यात पाणी आणलं, समोर ठेवलं. "पिऊन टाक. गंजलीस तर बघू." मग जवळ बसले, आणि हसणं सोडून म्हणाले, "खाली जा की."

"जमत नाही हो. तिथं गेले की तोंडाला कुलूप लागतं."

"इथंही लागलंच की," मास्तर म्हणाले.

रविवारी सकाळी सामानाची गाडी आली. खुर्च्या उतरल्या, कपाट उतरलं, खोकी उतरली. एजंट हमालांना सल्ला देत होते. पावतीबाई दुसऱ्या मजल्यावरून सगळं ऐकत होत्या. मग आवाज थांबले, आणि त्या फोन मुठीत धरून एक मजला उतरल्या.

पहिल्या मजल्यावरची खोली इतकी रिकामी होती, की पावलांचा आवाज परत येत होता. थोरल्या बाई भिंतीशी वळकटीवर बसल्या होत्या, प्रवासाची पिशवी मांडीवर घेऊन.

"आलीस? बस म्हणाले असते, पण खुर्च्या खाली गेल्या."

"वहिनी, मी काल लिहिलं होतं."

"मला कुठलं येतंय त्यातलं," थोरल्या बाई म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत, "चार वेळा बघितलं. काही नव्हतं."

"त्यांनी मला बंद केलंय. यंत्र समजून."

"अगदीच चुकले नाहीत ते."

"सात दिवसांनी उघडेल. तुम्हाला तिथंही दिसेल."

"दिसेल. मी तिथं बसून वाचीन, तू इथं बसून लिही." थोरल्या बाईंनी पिशवीचा बंद ओढून घट्ट केला. "एवढंच असेल तर जिना उतरलीस कशाला?"

खालून गाडीचा भोंगा वाजला. एजंट ओरडले, "या हो, निघायचंय!" पावतीबाईंनी फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. दोन्ही हात रिकामे झाले, आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना.

"वहिनी, पोरगी पहिल्यांदा चालली तो शनिवार आठवतो? मी जिना चढून आले. तुम्ही तिला दारात उभी केलीत. म्हणालात, बघ, तुझ्या पायांचा आवाज ऐकला आणि आज पहिलं पाऊल टाकलं. ती चालत आली, माझ्या पिशवीवर पडली."

"मग?"

"ते पहिलं नव्हतं." पावतीबाईंचा आवाज रिकाम्या खोलीत मोठा वाटला, म्हणून त्यांनी तो लहान केला. "ती मंगळवारीच चालली होती. इथंच, पलंगापासून खिडकीपर्यंत. शिंपीणबाईंनी बघितलं, आणि बुधवारी सकाळी बसथांब्यावर मला सांगितलं. मी बुधवारी आले, तुम्ही तिला कडेवर घेऊन उभ्या. गुरुवारी कडेवर. शुक्रवारी ती खाली उतरायला रडत होती, तरी तुम्ही सोडलं नाहीत. मला शनिवारी अर्धा दिवस असायचा ना, उजेडात यायचे मी. तुम्ही उजेडाची वाट बघत होतात. मला नीट दिसावं म्हणून." त्यांनी श्वास घेतला. "मला ठाऊक होतं, वहिनी. पंचवीस वर्षं ठाऊक आहे. तेव्हा बोलले असते तर तुम्ही दिलेलं मोडलं असतं, म्हणून बोलले नाही. मग बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही बघितलेलं पाऊल तुम्ही मला दिलंत. फार मोठे उपकार झाले माझ्यावर. आता रागवायचं तर रागवा."

थोरल्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली, आणि भिंतीला हात टेकून उठल्या.

"मंगळवार नव्हे गं," त्या म्हणाल्या. "सोमवार. दुपारी सव्वातीनला. शिंपीणबाईंनी बघितलं ते दुसऱ्या दिवशीचं. सोमवारी आम्ही दोघीच होतो घरात, आणि ते मी आजपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं."